जिनोआची खिडकी आणि हिरवे वाटण

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जिनोआ या बंदराचे नाव ज्या पदार्थाशी कायमचे जोडले गेले आहे तो पेस्टो, म्हणजे तुळशीच्या कुळातील बेसिलची कोवळी पाने, लसूण, जाडे मीठ, चिलगोज्याच्या जातभाई असलेल्या पाइन वृक्षाच्या बिया, दोन प्रकारचे मुरलेले चीज आणि ऑलिव्हचे तेल एकत्र घोटून केलेले कच्चे वाटण, फार प्राचीन असावा अशी समजूत इटलीत आणि इटलीबाहेर सारखीच रूढ आहे. रोमन शेतकऱ्यांपासून धर्मयुद्धावर निघालेल्या खलाशांपर्यंत अनेकांकडे त्याचे जनकत्व सोपवले जाते. शहराच्या पश्चिमेकडील प्रा या वस्तीमागच्या डोंगरावर राहणाऱ्या, संत बाझिलिओच्या पंथातील कुणा साधूने ते पहिल्यांदा केले अशीही एक गोड दंतकथा सांगितली जाते, जिचा आधार वनस्पतीचे नाव आणि संताचे नाव यांतील उच्चारसाम्यापलीकडे फारसा नसावा. लिखित पुरावा मात्र एवढा मागे जात नाही. आज ज्याला पेस्टो म्हणून ओळखता येईल अशा वाटणाची पहिली छापील कृती जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांच्या ‘ला कुचिनिएरा जेनोवेझे’ (जिनोआची सुगरण) या पाकपुस्तकात आढळते आणि तिच्यासाठी साधारणतः १८६३ हे वर्ष दिले जाते, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावू लागून तेव्हा दहा वर्षे उलटली होती. प्राचीन आहे ती ठेचण्याची रीत. बेसिलला त्या खलात मिळालेली मानाची जागा त्या मानाने अलीकडची आहे, आणि ज्या काटेकोर नियमांनी ती जागा आज राखली जाते ते नियम तर त्याहूनही अलीकडचे आहेत.

पेस्टो हा शब्द इटालियन भाषेतील ‘पेस्तारे’ म्हणजे ठेचणे, कुटणे या क्रियापदापासून आला असून त्याची घडण मराठीतील ‘ठेचा’ या शब्दाशी तंतोतंत जुळते, कारण दोन्ही नावांत घटक कोणता याचा पत्ता नसतो, फक्त क्रिया सांगितलेली असते. अशा नावाचा एक परिणाम असा, की त्या नावाखाली काय काय ठेचले गेले याचा माग काढणे कठीण होते. रोमन कवी व्हर्जिलच्या नावावर बराच काळ मोडत असलेल्या, पण बहुतेक अभ्यासक त्याचे मानत नाहीत अशा ‘मोरेतुम’ या लहानशा लॅटिन काव्यात सिमिलस नावाचा एक गरीब शेतकरी पहाटे उठून लसूण, मीठ, सुके चीज आणि परसातील पाला खलात घोटतो, त्यात तेल आणि व्हिनेगर घालतो आणि भाकरीबरोबर खाण्यासाठी त्याचा गोळा बांधतो. पेस्टोचा आद्य पूर्वज म्हणून या काव्याकडे बोट दाखवले जाते, पण त्यातील पाल्यात कोथिंबीर आहे, सताप आहे, अजमोद्याच्या जातीचा पाला आहे, बेसिल नाही. मध्ययुगात लिगुरिया प्रांतात, म्हणजे जिनोआ ज्याची राजधानी आहे त्या चिंचोळ्या किनारपट्टीत, ‘आल्याता’ नावाचे लसणीचे वाटण खाल्ले जात असे, ज्यात पाव आणि व्हिनेगर घालण्याची चाल होती. लसूण, चीज, तेल आणि हाताशी असेल तो पाला यांचे वाटण भूमध्य समुद्राभोवती सर्वत्रच होत आले असल्याने प्रश्न उरतो तो एवढाच, की या सर्व पाल्यांना बाजूला सारून एकट्या बेसिलने जिनोआत बाजी कशी मारली.

बेसिलचे शास्त्रीय नाव ओसिमम बॅसिलिकम असे असून ते १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दिले. त्यातील दुसरा शब्द राजा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. ही वनस्पती मूळची युरोपची नव्हे, तर आशिया-आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांतील आहे, आणि मराठी वाचकाला ती परकी वाटण्याचे काही कारण नाही, कारण उन्हाळ्यात फालुद्यात किंवा सरबतात पडणारे, पाण्यात टाकताच भोवती बुळबुळीत कवच धरणारे सब्जाचे बी याच जातीचे आहे. अंगणातील वृंदावनात लावली जाते ती तुळस हिची सख्खी बहीण म्हणावी अशी, पण वेगळी जात आहे. एकाच जातीतही वासाचे वाण वेगवेगळे असतात: भारतात अत्तर आणि औषधांच्या तेलासाठी जे बेसिल लावले जाते त्यात मिथाइल कॅव्हिकॉल हे द्रव्य भरपूर असल्याने त्याला बडीशेपेची झाक असते, तर तुळशीत युजेनॉल हे लवंगेच्या वासाचे द्रव्य पुढे असते. म्हणूनच सब्जाच्या किंवा तुळशीच्या पानांचे वाटण कितीही मन लावून घोटले तरी त्याला जिनोआचा स्वाद येत नाही.

युरोपात या वनस्पतीचे स्वागत दुभंगलेल्या मनाने झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ‘निसर्गेतिहास’ या ग्रंथात अशी नोंद केली आहे, की ‘ओसिमम’ जोमाने यावे म्हणून ते शिव्याशाप देत पेरावे असे लोक सांगतात, आणि जुने काही वैद्य ते पोटाला, डोळ्यांना, इतकेच काय पण बुद्धीलाही घातक मानतात. ठेचून दगडाखाली ठेवल्यास त्यातून विंचू निपजतात असाही एक समज त्याने टिपला आहे. (प्लिनीचे ओसिमम म्हणजे आजचेच बेसिल की नाही, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांना शंका आहे, पण पुढच्या शतकांतील वाचकांनी ते तसेच वाचले आणि अपकीर्ती बेसिलच्या वाट्याला आली.) ग्रीसमध्ये हीच वनस्पती चर्चमध्ये पोहोचली, १४ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणाला ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तिच्या डहाळ्या आजही वाटल्या जातात, आणि बहुधा त्यामुळेच ग्रीक स्वयंपाकात तिचा वापर बराच काळ जपूनच होत राहिला. चौदाव्या शतकात इटालियन लेखक बोकाच्चोने ‘डेकॅमेरॉन’ या कथासंग्रहात मेस्सिनाच्या लिझाबेत्ताची कथा सांगितली, जी आपल्या भावांनी मारलेल्या प्रियकराचे शिर बेसिलच्या कुंडीत पुरते आणि ती कुंडी आसवांनी शिंपते, इंग्रज कवी कीट्सने १८२० मध्ये प्रसिद्ध केलेले दीर्घकाव्य याच कथेवर उभे आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने या कथेतील भयापेक्षा कुंडी महत्त्वाची आहे: चौदाव्या शतकातील इटालियन वाचकाला घरातल्या बाईने खोलीत बेसिलची कुंडी ठेवावी यात काही नवल वाटत नव्हते. बेसिल शेतातील पीक होण्याच्या कितीतरी आधी ते घरातील रोप होते, आणि जिनोआत तर ते शेतात येण्यासाठी एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

जिनोआ शहराची ठेवण पाहिल्यास असे का घडले ते सहज कळते. अपेनाइन डोंगर इथे जवळजवळ समुद्रात पाय सोडून बसलेले आहेत. सपाट जमीन नावापुरती, आणि जी शेती आहे ती उतारावर पायऱ्या खोदून केलेली, प्रत्येक पायरीला कोकणात ज्याला गडगा म्हणतात तसा, चुनामातीशिवाय नुसते दगड बसवून रचलेला बांध. या पायऱ्यांवर ऑलिव्ह आणि द्राक्षवेल यांनाच प्राधान्य मिळे. बंदराला लागून असलेल्या जुन्या वस्तीत सहा-सात मजली घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांच्यामधल्या बोळांत, ज्यांना तिथे ‘कारुज्जी’ म्हणतात, दोन माणसांनी एकमेकांना वाट द्यावी एवढीच जागा असते. अशा घरात ऊन मिळणारी जागा म्हणजे वरच्या मजल्याच्या खिडकीची कड आणि पाटीच्या दगडाने शाकारलेल्या छपरावरची गच्ची. त्या कडेवर मातीच्या कुंडीत किंवा जुन्या डब्यात वसंत ऋतूत बी फेकून पेरले जाई, तेही दाट, कारण मोठे झाड वाढवणे हा हेतूच नव्हता. हवी असत ती अंगठ्याच्या नखाएवढी, आतल्या बाजूने वाटीसारखी वळलेली, फिकट हिरवी पाने.

कुंडीतील बेसिलचे शास्त्र साधे असले तरी चुकारपणा खपवून घेणारे नाही. रोपाचा शेंडा खुडला की त्याखालच्या दोन पानांच्या बेचक्यातून दोन नवे फुटवे निघतात, ते खुडले की चार. म्हणजे रोज थोडे खाणाऱ्या घरातच रोप दाट होते, आणि खुडायचे राहून गेले तर ते मंजिरी धरते, पाने राठ होतात आणि वास कडवट, पुदिन्यासारखा होऊ लागतो. पाणी मातीला द्यायचे, पानांना नाही, आणि शक्यतो सकाळी, कारण रात्रभर ओली राहिलेली पाने काळी पडून गळतात. सर्वांत मोठा शत्रू थंडी: तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरले की पानांवर डाग उठतात, आणि हिमाच्या एका रात्रीत सगळी कुंडी बसते. खुडलेली पानेही फार काळ तग धरत नाहीत; गार जागी ठेवली तर उलट लवकर काळवंडतात. शीतकपाट नसलेल्या, आणि असते तरी उपयोग नसलेल्या काळात जिवंत रोप हीच बेसिल साठवण्याची एकमेव सोय होती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतील कुंडी ही शोभेची नसून कोठीचाच भाग होती असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

रात्तो यांची कृती या पार्श्वभूमीवर वाचली की तिच्यातील मोकळेपणा ध्यानात येतो. त्यांनी मथळ्यात लसूण आणि बेसिलचे ‘बात्तुतो’, म्हणजे ठेचलेले वाटण, असे म्हटले आहे आणि ‘पेस्टो’ हे नाव जोडीला दिले आहे. त्यांच्या सामग्रीत लसणीची पाकळी आहे, बेसिल आहे, आणि बेसिल नसेल तर त्याऐवजी मरवा आणि अजमोद्याचा पाला चालेल अशी उघड परवानगी आहे. गजऱ्यात आणि वेणीत मरवा माळणाऱ्या मराठी घरांना तो खलात पडलेला पाहून गंमत वाटेल, पण लिगुरियात मरवा हा आजही स्वयंपाकातला हुकमी पाला आहे. पुस्तकाने दिलेली ही सवलत ढिलाईतून आलेली नसून ऋतूंतून आलेली आहे: हिवाळ्यात खिडकीतील कुंडी रिकामी असे, वाटण मात्र हवेच असे. चीज सांगितले आहे ते पार्मेझान आणि त्याच्या जोडीला हॉलंडचे, म्हणजे डच. शहराच्या व्यापाराचा हिशेब या एका शब्दात उतरलेला दिसतो, कारण समुद्रप्रवासात टिकणारे डच चीज जिनोआच्या बंदरात सहज मिळत होते आणि स्वयंपाकघराने ते आपलेसे केले होते. त्याखेरीज थोडे लोणी आहे, पाइनच्या बिया आहेत, आणि शेवटी सगळे वाटण भरपूर चांगल्या तेलात सैल करायचे आहे. लाझान्या किंवा त्रोफिए असे पास्त्याचे प्रकार कालवताना त्यात बिनमिठाचे थोडे गरम पाणी घालावे, असेही सांगितले आहे. आजच्या जिनोआत एखाद्या परक्याने डच चीज, लोणी आणि मरवा घालून पेस्टो केला तर त्याला पाखंडी ठरवले जाईल, आणि तरीही छापील पुराव्यानुसार परंपरेच्या सर्वांत जवळ तोच असेल.

डच चीज पुढे मागे पडले आणि त्याची जागा सार्डिनिया बेटावरील मेंढीच्या दुधाच्या चीजने, विशेषतः धुरी दिलेल्या ‘फिओरे सार्दो’ने, घेतली. जिनोआ आणि सार्डिनिया यांचा संबंध मध्ययुगापासूनचा आहे. जिनोआच्या दोरिया घराण्याची त्या बेटावर मोठी जहागीर होती, आणि नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ मध्ये जिनोआचे जुने प्रजासत्ताक ज्या राज्याला जोडले गेले त्याचे नावच सार्डिनियाचे राज्य असे होते. गाईच्या दुधाचे गोडसर पार्मेझान आणि मेंढीच्या दुधाचे खारट, तिखटसर पेकोरिनो यांची जोडी आज अपरिहार्य मानली जाते. कोणते किती घ्यायचे यावर मात्र घरोघरी मतभेद आहेत. भारतातील शाकाहारी घरांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी, ती अशी की पार्मेझानचे दूध वासराच्या, आणि फिओरे सार्दोचे कोकराच्या किंवा करडाच्या, जठरातून काढलेल्या विरजणाने विरजले जाते, तेव्हा पाल्याचा हा पदार्थ कठोर अर्थाने शाकाहारी नाही.

खल हा या पदार्थातील सर्वांत वजनदार आणि सर्वांत दीर्घायुषी घटक आहे. शेजारच्या कर्रारा येथील खाणींतून निघणाऱ्या पांढऱ्या संगमरवराचा हा खल बाहेरून ओबडधोबड असतो आणि त्याच्या काठाला चार कान काढलेले असतात. आई मुलीला तो देते, आणि कित्येक घरांत त्याच्या तळाला पिढ्यांच्या घोटण्याने खळगा पडलेला असतो. बत्ता मात्र दगडी नसून लाकडी असतो. आधी लसूण आणि जाडे मीठ यांची मऊ पेस्ट करायची, कारण मिठाचे खडे पाने फाडण्याचे काम पुढे आपोआप करतात. मग पुसून कोरडी केलेली पाने मूठमूठ घालायची. आणि इथे, नावात ठेचणे असले तरी, ठेचायचे नाही. बत्ता खलाच्या भिंतीला दाबून गोल फिरवायचा आणि त्याच वेळी डाव्या हाताने कान धरून खल उलट दिशेने सरकवत राहायचे, म्हणजे पान चिरडण्याऐवजी भिंतीवर घासले जाऊन फाटते. पानांतून गडद हिरवा रस सुटून वास वर आला की पाइनच्या बिया, त्यामागून किसलेले चीज, आणि सर्वांत शेवटी तेल, धारेने. मराठी स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर ही क्रिया खलबत्त्याची कमी आणि पाट्यावर वरवंटा ओढण्याची जास्त आहे. सगळे हात चालवून वेळेत उरकावे लागते, कारण पानांच्या फुटलेल्या पेशींतील द्रव्यांना हवा लागली की विशिष्ट विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, त्यांना तपकिरी करतात; तेलाचा थर ही हवा रोखतो. यंत्राच्या पात्याविरुद्ध जिनोआचे लोक जी तक्रार करतात तिचे मूळ इथे आहे, कारण पाते वेगाने फिरताना हवा आत ओढते आणि तापतेही. तक्रारीत थोडा अभिमानाचा भाग आहे हे मान्य करूनही ती निराधार म्हणता येत नाही.

हे वाटण ज्या पदार्थांवर घातले जाते त्यांचा इतिहास थोडक्यात आटोपता येईल. ‘त्रेनेत्ते’ या चपट्या, लांब पास्त्याबरोबर त्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी शिजवण्याची चाल घरगुती काटकसरीतून आली. रुमालाएवढ्या पातळ चौकोनी लाटलेल्या पास्त्याला ‘मांदिल्ली दे सेआ’, म्हणजे रेशमी रुमाल, असे नाव आहे. आणि भाज्यांच्या दाट मिनेस्त्रोने सूपमध्ये चूल बंद केल्यावर चमचाभर पेस्टो ढवळला जातो. पेस्टो कधीही शिजवायचा नाही, हा नियम मात्र सर्वत्र एक आहे.

जिनोआचे लोक जिथे गेले तिथे खल त्यांच्यामागून गेला, कुंडी नेहमीच गेली असे नाही. पश्चिमेला सीमेपलीकडील फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये त्याचे ‘पिस्तू’ झाले, ज्यातून पाइनच्या बिया गळाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हजारो लिगुरियन कुटुंबे दक्षिण अमेरिकेला गेली आणि ब्युनोस आयरेसच्या ला बोका या गोदीलगतच्या वस्तीत कित्येक वर्षे जिनोआची बोली ऐकू येत राहिली. तिथे टोमॅटोच्या रश्शाबरोबर पेस्टो एकाच ताटलीत वाढण्याची रीत पडली, जी मूळ गावात कुणाला रुचली नसती. पेरूमध्ये तर पालक, स्थानिक ताजे चीज आणि पुष्कळदा दूध घालून केलेले ‘तायारिनेस वेर्देस’, म्हणजे हिरव्या शेवया, हा घरोघरचा पदार्थ झाला, आणि वर तळलेल्या मांसाचा तुकडा ठेवून तो खाणाऱ्या पेरूकराला त्यात जिनोआ दिसत नाही, आपली आई दिसते. उत्तर अमेरिकेत मात्र प्रसार उशिरा झाला. तोस्कानात जन्मून वॉशिंग्टन राज्यात प्राध्यापक झालेले अँजेलो पेलेग्रिनी यांनी १९४६ मध्ये ‘सनसेट’ मासिकात पेस्टोची कृती दिली तेव्हा ती अपूर्वाईची होती. १९७३ मध्ये मार्सेला हझान यांच्या पाकपुस्तकात ब्लेंडरमधील पेस्टो आला आणि त्याच वर्षी फूड प्रोसेसर हे यंत्र अमेरिकी घरांपुढे आले. ज्याला अर्धा तास हात दुखवून घोटावे लागत होते ते आता मिनिटात होऊ लागले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पेस्टो जगभर पोहोचला. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत ‘इटालियन बेसिल’च्या कुंड्या आज दिसतात त्या याच लाटेमागून आलेल्या आहेत.

मागणी वाढली तशी खिडकी अपुरी पडली आणि भार शहराच्या पश्चिमेकडील प्रा इथल्या हरितगृहांवर आला. प्रा ही वस्ती १९२६ पर्यंत स्वतंत्र नगरपालिका होती आणि त्या वर्षी इतर गावांबरोबर ती बृहद् जिनोआत विलीन झाली. तिथे डोंगराच्या दक्षिण उतारावर काचेची हरितगृहे एकोणिसाव्या शतकापासून उभी राहत गेली होती, ज्यांमुळे भर हिवाळ्यातही कोवळे बेसिल मिळू लागले आणि रात्तो यांच्या मरव्याची गरज संपली. या शेतीची खूण म्हणजे पाने खुडली जात नाहीत. दोन ते चार जोड्या खरी पाने आलेले वीतभरही नसलेले रोप गुडघे टेकून, किंवा वाफ्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर ओणवे होऊन, मुळासकट उपटले जाते आणि अशा तीन ते दहा रोपांची जुडी ओल्या कागदात मुळे गुंडाळून बाजारात जाते. कोवळेपणाचा हा हट्ट जिभेने ठरवलेला आहे, आणि रसायनशास्त्राने त्याला नंतर पुष्टी दिली: रोप दहा सेंटिमीटरच्या पुढे वाढू लागले की त्यातील सुगंधी द्रव्यांचे प्रमाण बदलते आणि लवंगेच्या वासाचे युजेनॉल वाढत जाते. पुदिन्याची झाक असलेले बेसिल जिनोआचा भाजीवाला हुंगताच बाजूला सारतो.

युरोपीय संघाने २००५ मध्ये ‘बझिलिको जेनोवेझे’ला मूळस्थान-संरक्षित नावाचा दर्जा दिला, भारतात भौगोलिक मानांकन म्हणतात त्याच्या जवळपासची ही कायदेशीर सोय. क्षेत्र ठरले ते लिगुरियाच्या डोंगराची समुद्राकडील बाजू. पेस्टो या शब्दाला मात्र तसे कुंपण घालता आले नाही, त्यामुळे जगभरच्या बरण्यांत सूर्यफुलाचे तेल, बटाट्याचा चुरा आणि महागड्या पाइन बियांच्या जागी काजू बिनदिक्कत जातात. (काजू कोकण-गोव्याच्या वाचकाला घरचा वाटेल, आणि घरी पेस्टो करणारी अनेक मराठी कुटुंबे तोच वापरतात, पण घरातली तडजोड आणि कारखान्याची बचत यांत फरक आहे.) या बरण्यांना उत्तर म्हणून जिनोआतील संघटनांनी प्रमाण-कृती मांडली: बेसिलच्या चार जुड्या म्हणजे ६० ते ७० ग्रॅम पाने, ३० ग्रॅम पाइन बिया, पार्मेझान जास्त आणि फिओरे सार्दो कमी, इंपेरिया जिल्ह्यातील वेस्सालिको गावची लसूण एक-दोन पाकळ्या, १० ग्रॅम जाडे मीठ, आणि लिगुरियाच्या किनाऱ्यावरील सौम्य ऑलिव्ह तेल. १८६३ च्या पुस्तकात जिथे ‘नसेल तर’ होते तिथे आता ग्रॅम आले. बेसिल घरचे होते तोवर नियमांची गरज कुणाला भासली नव्हती. ते बाजाराचे झाल्यावर भासली, आणि एकोणिसाव्या शतकातील सुगरणींनी ज्यात हवा तसा फेरफार केला ते वाटण अपरिवर्तनीय ठरवले गेले.

प्राच्या हरितगृहांवर संकटे आली ती दोन दिशांनी. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वस्तीसमोरचा समुद्रकिनारा कंटेनर बंदरासाठी भरून काढला गेला आणि जिथून मासेमारीच्या होड्या सुटत तिथे क्रेन उभ्या राहिल्या. आज काचघरातून समोर पाहिले तर रंगीत पेट्यांच्या चळती दिसतात. दुसरे संकट सूक्ष्म होते: पानाच्या वरच्या बाजूस पिवळेपणा आणि खालच्या बाजूस करडी बुरशी आणणारा रोग, ज्याला नाशिकचे द्राक्षबागायतदार आपल्या पिकावर केवडा किंवा नुसते ‘डाउनी’ म्हणतात त्याचाच बेसिलवरील भाऊबंद, २००१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये दिसला, २००३ मध्ये इटलीत उतरला आणि २००७ मध्ये अमेरिकेत पोहोचला. बियाण्यातून पसरणाऱ्या या रोगाला दाट पेरलेले, दमट काचघर म्हणजे पर्वणीच. खिडकीतील एखादी कुंडी गेली तर शेजारणीकडून रोप मागता येत असे. हरितगृहात सगळे वाफे एकदम जातात.

खल आता मुख्यतः सणासुदीला आणि स्पर्धेत बाहेर निघतो. २००७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी जिनोआच्या दोजेच्या, म्हणजे जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाच्या, राजवाड्यातील महासभेच्या दालनात, जिथे पूर्वी प्रजासत्ताकाचे सरदार बसत, शंभर स्पर्धक संगमरवरी खल घेऊन ओळीने उभे राहतात आणि पेस्टोची जागतिक स्पर्धा होते. शंभर बत्ते एकदम फिरू लागल्यावर दालनभर लसणीचा आणि बेसिलचा वास दाटतो. शहरातून बाहेर पडणाऱ्या पेस्टोचीही व्यवस्था लागली आहे. विमानाच्या हातसामानात १०० मिलिलिटरहून अधिक द्रव नेण्यास मनाई असल्याने प्रवाशांच्या बरण्या तपासणीच्या टेबलावरच राहून जात. तेव्हा समुद्रात भराव घालून बांधलेल्या जिनोआच्या विमानतळाने २०१७ मध्ये असे ठरवले, की आजारी मुलांना उपचारांसाठी विमानाने नेणाऱ्या एका संस्थेला अर्ध्या युरोची का होईना देणगी दिली तर अर्ध्या किलोपर्यंतची पेस्टोची बरणी सोबत नेता येईल. बरणीवर एक चिकटपट्टी लावली जाते, बरणी वेगळ्या क्ष-किरण यंत्रातून सरकवली जाते, आणि औषधे व तान्ह्या मुलांचे दूध यांच्याच पंक्तीला बसून विमानात चढते.